एक मूळ आणि एक बी : कंपवातावरील औषधाची कथा

पुण्याच्या पश्चिमेस, वेताळ टेकडीच्या पायथ्याशीं वसलेलें कोथरूड हें एके काळीं शेताभाताचें लहानसें खेडें होतें. १९०० सालीं महर्षि धोंडो केशव कर्वे यांनीं आपला अनाथ बालिकाश्रम शेजारच्या हिंगण्याच्या माळावर नेला, त्या वेळीं शहरांतून तिकडे पायीं जाणें हें एक मोठें कामच असे. आज त्याच कर्व्यांच्या नांवाचा रस्ता कोथरूडकडे जातो, आणि जेथें शेतें होतीं तेथें घरांची दाटी झाली आहे. या घरांतून निवृत्त वृद्धांची वस्ती मोठी. पुष्कळांचीं मुलें दूरदेशीं. सकाळच्या प्रहरीं ही मंडळी टेकडीच्या वाटेनें फिरावयास निघते, आणि तींत एखादा गृहस्थ असा आढळतो कीं, ज्याचें पाऊल आखूड पडतें, ज्याचा एक हात चालतांना झुलत नाहीं, आणि बांकावर स्वस्थ बसला असतां ज्याचा अंगठा व तर्जनी, वैद्य गोळी वळतो त्याप्रमाणें, एकसारखीं एकमेकांवर फिरत असतात. घरीं त्याला चहाचा पेला अर्धाच भरून द्यावा लागतो. त्याचें अक्षर दिवसेंदिवस बारीक होत जातें, आणि पेढीवरील कारकुनाला त्याची सही पटेनाशी होते. मनांत हंसूं असलें तरी तें चेहऱ्यावर उमटत नाहीं. त्यामुळें नातवंडांस वाटतें कीं, आजोबा रागावले आहेत.

या विकाराला आज पार्किन्सनचा विकार म्हणतात. आपल्याकडील वैद्य त्याला कंपवात म्हणत आले आहेत. अशा रोग्याच्या खिशांत बहुधा एक लहानशी गोळी असते आणि ती वेळेवर घेतली कीं थोड्या वेळानें त्याचें पाऊल मोकळें पडूं लागतें. ही गोळी परदेशीय विद्येची देणगी आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाहीं. पण अपुरी आहे. या गोळीच्या शोधामागें दोन वनस्पतींची हकीकत आहे : एकीचें मूळ आणि दुसरीचें बी. दोन्ही या देशाच्या रानांत वाढतात. त्यांची कथा गोवें, कलकत्ता, दिल्ली, मुंबई व मद्रास या शहरांतून जाते, तशीच ती बाझल, लुंड, व्हिएन्ना आणि न्यूयॉर्क येथूनहि जाते. ती अभिमान वाटावा अशी आहे. आणि त्याहून अधिक, विचार करावयास लावणारी आहे.

प्रथम रोगाची ओळख. लंडननजीकच्या शोअरडिच भागांत वैद्यकी करणाऱ्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनें १८१७ सालीं कंपवातावर एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यांत अवघ्या सहा रोग्यांची हकीकत होती, आणि त्या सहांपैकीं कांहींना तर त्यानें केवळ रस्त्यानें जातांना पाहिलें होतें. तरीहि तें वर्णन इतकें अचूक उतरलें कीं, दोनशें वर्षें उलटल्यावरहि त्यांत फारसें कांहीं खोडावें लागत नाहीं. आपल्या वैद्यक ग्रंथांतूनहि हा कंप अपरिचित नव्हता. माधवनिदानांत वातव्याधींच्या प्रकरणीं अंगाच्या व मस्तकाच्या कंपास ‘वेपथु’ असें नांव दिलेलें आहे. परंतु रोग नेमका कोठें बसला आहे, हें पूर्वेस ठाऊक नव्हतें तसें पश्चिमेसहि ठाऊक नव्हतें. १९१९ सालीं पॅरिस येथें त्रेतियाकॉफ या तरुण संशोधकानें आपल्या प्रबंधांत दाखवून दिलें कीं, मेंदूच्या बुडाशीं काळसर रंगाच्या पेशींचा जो एक लहानसा पुंजका असतो, तो या रोग्यांमध्यें झिजून गेलेला आढळतो. जागा सांपडली. पण त्या काळ्या पेशी काय काम करितात, आणि त्या झिजल्यानें हात कां कांपावा, याचा उलगडा व्हावयास आणखी चाळीस वर्षें जावयाचीं होतीं. तो उलगडा कंपवाताच्या अभ्यासांतून झाला नाहीं. वेडावरील एका औषधाच्या अभ्यासांतून झाला.

तें औषध म्हणजे सर्पगंधा. हें हातभर उंचीचें झुडूप हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या ओलसर रानांपर्यंत आढळतें. महाराष्ट्रांत त्याला हरकी असेंहि म्हणतात. त्याची मुळी पिवळसर तपकिरी, कडवट आणि वळणावळणाची असते. सापाच्या विषावर ती चालते अशी जुनी समजूत. मुंगूस सापाशीं लढण्यापूर्वीं हीच मुळी चावतें, अशी लोककथाहि सांगतात. गोव्यांत राहून औषधी वनस्पतींचा अभ्यास करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या ग्रंथांत सर्पविषावरील कांहीं मुळ्यांची माहिती दिली आहे, आणि त्यांतील एक सर्पगंधा असावी असें अभ्यासकांचें मत आहे. पुढें १७०३ मध्यें प्ल्यूमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें या कुळाला लिओनहार्ड राउव्होल्फ या जर्मन वैद्याचें नांव दिलें. गंमत अशी कीं, या राउव्होल्फनें पश्चिम आशियांत प्रवास केला, पण हिंदुस्थानांत तो कधींच आला नाहीं. ज्या झुडुपानें त्याचें नांव जगभर नेलें त्याच्या देशाचें त्याला दर्शनहि घडलें नाहीं!

बिहारांत या मुळीला लोक ‘पागल की दवा’ म्हणत. या नांवांतच तिचा खरा गुण सांठविलेला होता. वेडाच्या भरांत आरडाओरड करणाऱ्या माणसास ती दिली असतां तो शांत होतो, हें तेथील खेडुतांस ठाऊक होतें. वैद्यकाच्या ग्रंथांतून मात्र या अनुभवाची मोजदाद झालेली नव्हती. ती १९३१ सालीं झाली. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनीं वेड व वाढलेला रक्तदाब यांवरील नवीन हिंदी औषध म्हणून सर्पगंधेवर निबंध लिहिला. मुळीचें चूर्ण वीस ते तीस ग्रेन दिवसांतून दोन वेळां दिल्यास झोंप येते, दाब उतरतो आणि उन्माद ओसरतो, असें त्यांनीं नमूद केलें. त्याच वर्षीं दिल्लीस सलीमुझ्झमान सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनीं याच मुळींतून कांहीं शुद्ध द्रव्यें वेगळीं काढलीं, आणि त्यांतील एकास हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असें नांव दिलें. म्हणजे औषधाचा गुण आणि औषधाचें रसायन या दोहोंचा आरंभ एकाच वर्षीं, एकाच देशांत झाला. पण जगानें तिकडे लक्ष दिलें नाहीं.

तें लक्ष मुंबईनें वेधून घेतलें. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं वाढलेल्या रक्तदाबाच्या रोग्यांवर सर्पगंधेचा प्रयोग चिकाटीनें चालविला होता. अशा रोग्यांस देण्याजोगें भरंवशाचें औषध त्या काळीं डॉक्टरांपाशीं जवळजवळ नव्हतेंच. वकिलांनीं पन्नास रोग्यांची पद्धतशीर नोंद केली आणि १९४९ सालीं ती ब्रिटनमधील हृद्रोगाच्या मान्यवर नियतकालिकांत प्रसिद्ध केली. सेन व बोस यांनीं सांगितलेलीच गोष्ट त्यांनीं सांगितली. फरक इतकाच कीं, ती त्यांनीं आंकड्यांत सांगितली, आणि ज्या ठिकाणीं जगाचे डॉक्टर वाचतात त्या ठिकाणीं सांगितली. शास्त्राच्या इतिहासांत हा ‘इतकाच’ फरक कित्येकदां सर्वांत मोठा ठरतो. तीनच वर्षांनीं, १९५२ सालीं, स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेंत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनीं मुळींतील मुख्य गुणकारी द्रव्य शुद्ध रूपांत काढलें. त्याचें नांव रेसर्पीन.

इकडे वेडाच्या उपचाराची स्थिति काय होती? नागपूर, रत्नागिरी, ठाणें आणि येरवडा येथें ब्रिटिश अमदानींत मनोरुग्णालयें निघालेलीं होतीं. पण इमारती होत्या, तसे उपाय नव्हते. भिंत, कुलूप, थंड पाण्याचें स्नान, गुंगीचें औषध, आणि विसाव्या शतकाच्या चवथ्या दशकापासून विजेचा झटका, एवढीच काय ती डॉक्टरांची सामग्री. आणि युरोप-अमेरिकेंतील मोठमोठ्या इस्पितळांची स्थितीहि यापेक्षां फारशी निराळी नव्हती. अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ सालीं साडेपांच लाखांहून अधिक माणसें कोंडलेलीं होतीं. न्यूयॉर्कजवळील रॉकलंड येथील अशाच एका इस्पितळांत नेथन क्लाइन यांनीं सर्पगंधा व रेसर्पीन मनोरुग्णांवर वापरून पाहिलें आणि १९५४ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कित्येक वर्षें अंगावरचे कपडे फाडणारीं, भिंतीवर डोकें आपटणारीं माणसें शांत होऊन बोलूं लागलीं. त्याच सुमारास पॅरिसमध्यें क्लोरप्रोमॅझीन हें दुसरें औषध हाताशीं आलें होतें. या दोन औषधांच्या पाठोपाठ, आणि कायदा व समाजव्यवस्था यांतील पालटामुळें, त्या इस्पितळांतील गर्दी प्रथमच उतरणीस लागली. १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक ज्या संशोधकांना या कार्याबद्दल मिळालें, त्यांत क्लाइन यांच्याबरोबर मुंबईचे डॉ. वकील हेहि होते. पुढील वर्षीं भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण दिलें.

परंतु या यशाबरोबर एक विचित्र गोष्ट दिसून आली. रेसर्पीन अधिक प्रमाणांत घेणारे कांहीं रोगी खिन्न होत; आणि कांहींची चाल मंदावे, चेहरा थिजे, हात कांपूं लागे. म्हणजे वेड उतरे आणि कंपवात चढे! औषध बंद केलें कीं कंपहि जाई. सामान्य डॉक्टरानें याला औषधाचा दोष म्हणून सोडून दिलें असतें. पण दोषाकडे नीट पाहणें हें शोधाचें द्वार असतें. जें द्रव्य निरोगी मेंदूंत कंपवाताचें सोंग उभें करतें, तें मेंदूंत नेमकें काय करतें, असा प्रश्न कांहीं शास्त्रज्ञांनीं विचारला. आणि सारी कथा या प्रश्नापाशीं वळली.

मेंदूंतील एक पेशी दुसरीला निरोप पाठविते तो पुष्कळदां रासायनिक दूताच्या हातीं. हे दूत पेशीच्या टोंकाशीं सूक्ष्म पिशव्यांत सांठविलेले असतात, जसें धान्य कणगींत सांठवावें तसे. रेसर्पीन या पिशव्या भरूं देत नाहीं. कणगी गळकी झाली म्हणजे धान्य बाहेर सांडतें व नाश पावतें. तसें या दूतांचें होतें, आणि कोठार रिकामें पडतें. १९५५ सालीं अमेरिकेंतील बेथेस्डा येथें प्लेचर, शोअर व ब्रोडी यांनीं रेसर्पिनामुळें असा एक दूत नाहींसा होतो हें सिद्ध केलें. मग स्वीडनमधील लुंड येथें आर्व्हिद कार्लसन यांनीं १९५७ सालीं एक प्रयोग केला, आणि तो मेंदूच्या अभ्यासांत अजरामर झाला. त्यांनीं सशांना रेसर्पीन टोंचलें. ससे कान पाडून, हालचाल टाकून पडून राहिले. नंतर त्यांना ‘डोपा’ नांवाचें एक द्रव्य टोंचलें. आणि थोड्याच वेळांत तेच ससे कान टवकारून उठले व फिरूं लागले. डोपापासून मेंदूंत डोपामीन हा दूत तयार होतो. त्याच्या पुढील वर्षीं कार्लसन यांनीं दाखविलें कीं, डोपामीन हा मेंदूंत स्वतंत्रपणें असतो, रेसर्पिनानें तो नाहींसा होतो, आणि डोपानें तो परत येतो. शिवाय तो विशेषेंकरून सांठलेला असतो हालचालीवर ताबा ठेवणाऱ्या भागांतच. १९६० सालीं लंडनमध्यें भरलेल्या एका परिषदेंत ज्येष्ठ शास्त्रज्ञांनीं या मतावर अविश्वास दाखविला. तो अविश्वास फार काळ टिकावयाचा नव्हता.

व्हिएन्ना येथें ओलेह होर्निकिएविच या तरुण औषधशास्त्रज्ञानें, कंपवातानें मेलेल्या माणसांचे मेंदू मिळविले आणि निरोगी मेंदूंशीं त्यांची तुलना केली. डोपामीन असल्यास नळींतील द्रव गुलाबी होई. निरोग्यांच्या नळींत रंग चढला. कंपवाताच्या नळींत तो जवळजवळ चढलाच नाहीं. रोगाचें कारण डोळ्यांनीं दिसावें असा हा क्षण होता, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. हा शोध १९६० सालीं प्रसिद्ध झाला. त्रेतियाकॉफनें दाखविलेल्या काळ्या पेशींचें काम आतां समजलें : त्या डोपामीन बनवितात, त्या मेल्या कीं हालचालीचा निरोप्याच उरत नाहीं. मग डोपामीनच रोग्यास कां न द्यावा? कारण रक्त व मेंदू यांमध्यें एक पहारा असतो, आणि डोपामीनला तो आंत सोडीत नाहीं. डोपाला मात्र सोडतो. म्हणून १९६१ सालीं बिर्कमायर व होर्निकिएविच यांनीं डोपाच शिरेंतून दिला. ज्यांना अंथरुणांत कूस बदलतां येत नव्हती ते उठून चालूं लागले. पण कांहीं तासांनीं पूर्ववत् स्थिति! १९६७ सालीं न्यूयॉर्क प्रांतांत जॉर्ज कोट्झियास यांनीं अगदीं लहान मात्रेपासून आरंभ करून ती आठवड्यागणिक चढविली, आणि गुण टिकवून धरला. हाच तो लेव्होडोपा. नंतर त्यासोबत कार्बिडोपा हें दुसरें द्रव्य जोडण्यांत आलें, जें लेव्होडोपाला वाटेंतच खर्च होऊं देत नाहीं. त्यामुळें ओकाऱ्या कमी झाल्या आणि मात्राहि लहान झाली. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें दुसरी वनस्पति कथेंत प्रवेश करते. खाजकुइली ठाऊक नाहीं असा खेड्यांतला मुलगा विरळा. पावसाळ्यांत कुंपणावर चढणारा हा वेल. त्याच्या वांकड्या शेंगांवरील सोनेरी कूस अंगास लागली कीं माणूस खाजवून हैराण होतो. तिच्या आंतील काळ्याभोर किंवा ठिपकेदार बिया काष्ठौषधीच्या दुकानांत कवचबीज या नांवानें मिळतात. संस्कृतांत हिला आत्मगुप्ता व कपिकच्छु म्हणतात. माकडालाहि खाज आणणारी, असा त्या दुसऱ्या नांवाचा भाव आहे. इंग्रजीतील ‘काउहेज’ हें तिचें नांव हिंदींतील किवांचवरूनच गेलेलें. युरोपांतील डॉक्टर एके काळीं तिची कूस काकवींत घालून जंतांवर देत. आपले वैद्य बियांचा उपयोग मुख्यतः बलवर्धक व वाजीकर म्हणून करीत, आणि वातविकारांवरील योगांतहि त्या घालीत. महाराष्ट्रांत शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या ‘आर्यभिषक्’ ग्रंथानें अशा वनस्पतींचें ज्ञान मराठींत आणून घराघरांत पोंचविलें.

आतां तारखांकडे पाहावें. डोपा हें द्रव्य फुंक यांनीं १९११ मध्यें प्रयोगशाळेंत बनविलें. १९१३ सालीं गुगेनहाइम या स्विस रसायनज्ञानें तें युरोपांत खाल्ल्या जाणाऱ्या एका घेवड्याच्या बियांतून काढलें, स्वतःच गिळून पाहिलें, आणि तो ओकून बेजार झाला. १९३७ सालीं मद्रास विश्वविद्यालयाच्या प्रयोगशाळेंत दामोदरन् व रामस्वामी यांनीं खाजकुइलीच्या बियांत हेंच द्रव्य असल्याचें सिद्ध केलें. म्हणजे कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षें आधीं, आणि कोट्झियासच्या रोग्यांच्या तीस वर्षें आधीं, कंपवाताचें औषध एका हिंदी प्रयोगशाळेंत बाटलींत भरून ठेवलेलें होतें. आणि त्याच शहराच्या रस्त्यांत कंपवाताचे रोगी काठी टेकीत चालत होते. बी आणि रोग यांची गांठ पडली नाहीं. यांत मद्रासच्या संशोधकांचा दोष तिळमात्र नाहीं. कुलपाची जागाच ठाऊक नसतां हातांतील तुकडा किल्ली आहे हें कोणीं ओळखावें? तें कुलूप दाखविलें सर्पगंधेनें. मुळीनें रोगाचें स्वरूप उघडें केलें, तेव्हां कोठें बीचा अर्थ कळला. दोन्ही वनस्पति एका भूमीवरील, पण त्यांना एकमेकींजवळ आणावयास साता समुद्रांचा वळसा पडला.

हा वळसा पुन्हां मुंबईस येऊन मिळतो. लेव्होडोपा बाजारांत आला तेव्हां तो महाग होता आणि त्याचा त्रासहि बराच होई. त्या वेळीं डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनीं, आधुनिक वैद्यकाचे डॉक्टर व आयुर्वेदाचे वैद्य यांस एकत्र आणून, कवचबीजाचें चूर्ण कंपवाताच्या २३ रोग्यांस देऊन पाहिलें. भारतीय मज्जाविज्ञानाचे एक अध्वर्यु डॉ. नोशीर वाडिया हेहि त्या कार्यांत सहभागी होते. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानें दाखविलें कीं, चूर्णानें रोग्यांस गुण येतो. मात्र तें दिवसाकाठीं कित्येक तोळे घ्यावें लागतें. पुढें या बीपासून बनविलेल्या एका सुधारलेल्या चूर्णाची अनेक केंद्रांत मिळून ६० रोग्यांवर चांचणी झाली व ती १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. २००४ सालीं लंडनमधील डॉक्टरांनीं आठ रोग्यांवर काटेकोर तुलना केली. तींत बीचा गुण गोळीपेक्षां लवकर आला आणि थोडा अधिक वेळ टिकला. आठ ही संख्या लहान आहे; तथापि परीक्षा निःपक्षपाती होती.

या इतिहासापासून दोन निराळे लोक दोन निराळे निष्कर्ष काढतात, आणि दोन्ही घातक आहेत. एक म्हणतो, सर्व कांहीं आपल्या ग्रंथांत होतेंच; परकीयांनीं तें उचललें. पण डोपामीन ग्रंथांत नव्हता, आणि कोणत्या रोग्यास किती बी द्यावें याची कसोटीहि नव्हती. दुसरा म्हणतो, झाडपाल्यांत काय आहे, सारें शास्त्र पश्चिमेचें. पण ती मुळी नसती तर कार्लसनचे ससे निजलेच नसते, मग उठणार कोठून? बिहारच्या खेडुताचा अनुभव, कलकत्त्याच्या वैद्यांची मात्रा, मुंबईच्या डॉक्टरचे आंकडे आणि लुंडच्या प्राध्यापकाचा प्रश्न यांपैकीं एकहि कडी वगळली तर सांखळी तुटते.

रोग्याच्या दृष्टीनें तर ही गोष्ट जिवाभावाची आहे. ‘बीमध्यें औषध आहे’ एवढेंच ऐकून पुष्कळ लोक दुकानांतून चूर्ण आणतात आणि डॉक्टरांस न सांगतां चालूं गोळीबरोबर घेऊं लागतात. परंतु प्रत्येक बींत लेव्होडोपा सारखा नसतो. साधारणतः शेंकडा चार ते सहा, तर कोठें त्याहूनहि कमी-अधिक. बी आणि गोळी दोन्ही घेणें म्हणजे तेंच औषध दोनदां घेणें होय. त्यानें अंगास वेड्यावांकड्या आपोआप हालचाली सुटतात, उभें राहतां दाब उतरून तोल जातो, कधीं नसलेलीं माणसें दिसूं लागतात. उलट, चूर्णाच्या भरंवशावर गोळी एकाएकीं बंद केल्यास शरीर ताठून जिवावर बेततें. लहानशी दिसणारी दुसरीहि एक गोष्ट आहे : डाळ, दूध, अंडीं अशा भरपूर प्रथिनांच्या जेवणाबरोबर गोळी घेतल्यास तिचा प्रवेश रोखला जातो, म्हणून पुष्कळ रोग्यांना ती जेवणापूर्वीं घेण्यास सांगतात. वेळ पाळणें हें या रोगांत औषधाइतकेंच मोलाचें आहे.

सर्पगंधेचीहि एक व्यथा आहे. मुळासाठींच झुडूप उपटावें लागतें. जगाची मागणी वाढतांच रानेंच्या रानें ओरबाडलीं गेलीं, आणि १९९० सालीं या वनस्पतीचें नांव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादींत घालावें लागलें. जिनें इतकें ज्ञान दिलें तिलाच माणसाच्या हातून संरक्षण द्यावें लागावें, हा कृतज्ञतेचा नमुना विचित्रच म्हटला पाहिजे.

लेव्होडोपा हा रोग बरा करीत नाहीं. तो केवळ उणीव भरून काढतो. पेशी मरतच राहतात. कांहीं वर्षांनीं गोळीचा गुण लवकर ओसरूं लागतो. म्हणून शोध थांबलेला नाहीं. १९८७ सालीं फ्रान्समधील ग्रेनोबल येथें बेनाबिद यांनीं मेंदूंत बारीक तार बसवून विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनीं कंप थांबविण्याची रीत सुरू केली. ती आज भारतांतहि केली जाते. १९९७ सालीं असें आढळलें कीं, सिन्युक्लीन नांवाच्या एका प्रथिनाच्या गुठळ्या या पेशींत सांचतात, आणि त्याच्या जनुकांतील दोषानें कांहीं कुटुंबांत हा रोग वंशपरंपरेनें येतो. २०२३ मध्यें, मणक्यांतील पाण्याची परीक्षा करून या बिघडलेल्या प्रथिनाचा मागोवा घेण्याची रीत शेंकडों माणसांवर पारखून पाहण्यांत आली. २०२५ सालीं तर क्योटो येथील सात आणि उत्तर अमेरिकेंतील बारा रोग्यांच्या मेंदूंत, प्रयोगशाळेंत वाढविलेल्या नव्या पेशी बसविल्याचे वृत्तांत प्रसिद्ध झाले. त्या पेशी तेथें जगल्या आणि त्यांपासून मोठा अपाय झाला नाहीं. गुण किती येतो हें मात्र मोठ्या परीक्षांनींच ठरावयाचें आहे. पन्नास रोग्यांची नोंद वर्षानुवर्षें ठेवणाऱ्या डॉ. वकिलांची चिकाटी येथेंहि लागणार आहे.

तोंवर रोग्यानें काय करावें? चालावें. नियमित व्यायामानें या रोग्यांची हालचाल सुधारते, हें आतां पुष्कळ परीक्षांतून दिसलें आहे. पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळ नांवाची रोग्यांची व त्यांच्या घरच्यांची संस्था आहे. अशा संस्थांतून एकाची अडचण दुसऱ्यास कळते, एकाचा उपाय दुसऱ्यास मिळतो, आणि कांपणारा हात लपवावा लागत नाहीं. ताल धरला असतां अडलेलें पाऊल सुटतें, म्हणून येथें या रोग्यांसाठीं नृत्याचे वर्गहि चालले आहेत. साठी-सत्तरी उलटलेलीं माणसें तबल्याच्या ठेक्यावर पाऊल टाकतात, तेव्हां त्यांच्या थिजलेल्या चेहऱ्यामागें काय चाललें असेल तें पाहणाऱ्यास डोळ्यांवरून समजतें.

कोथरूडच्या टेकडीवर सकाळीं ऊन चढूं लागतें. बांकावर बसलेला तो गृहस्थ घड्याळाकडे पाहून गोळी घेतो आणि थोडा वेळ वाट पाहतो. त्या थोड्या वेळांत पहाऱ्यातून एक द्रव्य मेंदूंत शिरतें, रिकाम्या कोठारांत कांहीं भर पडते, निरोप पोंचूं लागतो. पाव, कधीं अर्धा तास जातो. मग तो उठतो, हात सैल सोडतो, आणि खालच्या वाटेनें घरीं जावयास निघतो. शेजारच्या कुंपणावर पावसाळ्यांत एखादा खाजकुइलीचा वेल चढलेला असला, तर तो त्यापासून अंग चोरून जातो, आणि तें योग्यच आहे. त्या वेलाचें ऋण मात्र तो खिशांत बाळगून चाललेला असतो.